फोटोचे पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षात ट्रेसरमामांच्या तोंडून ‘आज आभाळ स्वच्छ आहे’ हे वाक्य कुणी ऐकलं नाही. आभाळ निरभ्र असलं, म्हणजे त्यांच्या दुर्बिणीला हवं अगदी तसं असलं, की ते अंगणात उभे राहून वर बघत आणि म्हणत, “आज वाईट हाय.” एवढं बोलून दुर्बीण बाहेर काढायला लागत. कधी नव्हे ते चार ढग आलेच, तर “आज बरं हाय” म्हणून कॅमेरा कपाटात ठेवत आणि लवकर जेवायला बसत. आमचे घरमालक हाजीसाब यांनी एकदा त्यांना विचारलं, की तुमचं वाईट असलं की तुमचा चेहरा खुलतो, हा काय मामला आहे? मामा ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चेहरा पाडायचाही प्रयत्न केला, पण ते त्यांना फारसं साधलं नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याबरोबर नवी कार्यालयं आली, नवी माणसं आली आणि भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या. हाजीसाबांच्या आवारात एका ओळीत तीन बिऱ्हाडं होती. पहिलं त्यांचं स्वतःचं, मधलं ट्रेसरमामांचं आणि शेवटचं माझं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवरा उदगीरला नोकरीला, तो शनिवारी येई आणि सोमवारच्या पहिल्या गाडीनं जाई. घरात मी, माझी तान्ही मुलगी आणि तिला सांभाळायला मुरुडहून आलेली माझी नणंद सुमन. तिन्ही बिऱ्हाडांना मिळून एक अंगण, एक कडुनिंब, एक कोरडा नळ आणि चार दिवसांतून एकदा येणारा टँकर.

मामा मूळचे किनवटकडच्या इस्लापूरचे. बरीच वर्षं नांदेडला नोकरी करून ते नव्या जिल्ह्यात आले होते, नकाशे ट्रेस करायला. जिल्हा नवा म्हटल्यावर नकाशे नवे लागतात. सगळं आयुष्य उस्मानाबादेत गेलेली गावं एका सकाळी लातूरची झाली होती, आणि ती कागदावर नीट बसवायचं काम मामांच्या टाकाकडे होतं. हद्दीवरच्या गावांतली माणसं घरी येऊन विचारत, आमचं गाव कुठं टाकलं हो? मामा त्यांना चहा पाजत आणि सांगत, “मी रेघ मारत न्हाई. मारलेली गिरवतो.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यात नम्रता होती तसा थोडा तोराही होता, कारण गिरवण्यात त्यांचा हात धरणारा त्या कार्यालयात दुसरा नव्हता. ते कुणाचे मामा होते हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही. मामीसुद्धा त्यांना मामाच म्हणत, आणि रागावल्या की ट्रेसरसाहेब.

दुर्बीण त्यांनी स्वतः केली होती. तिचा आरसा नांदेडला असताना घरीच घासला होता, पिंपावर ठेवलेल्या काचेवर काच, मध्ये बारीक पूड आणि पाणी, आणि घासणारा माणूस पिंपाभोवती गोल फिरतोय. मामी सांगत, “लग्नाला साल झालं नव्हतं, अन् आठ महिने माझा नवरा पिंपाला प्रदक्षिणा घालून राहिला होता. शेजारणी मला विचारायच्या, काय नवस हाय का?” ही आठ महिन्यांची मेहनत लाकडी सांगाड्यातून लातूरला आली. इथं हाजीसाबांनी अंगणात बोअर मारली, ती दोनशे फूट खाली जाऊन निव्वळ धूळ देऊन थांबली, आणि तिचा केसिंग पाइप वर काढून भिंतीला टेकवून ठेवला गेला. मामा दोन दिवस त्या पाइपाभोवती घुटमळले. आरसा त्यात नेमका बसत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी धीर करून एक तुकडा मागितला. हाजीसाबांनी दिला, वर म्हणाले, “जमिनीत पाणी न्हाई लागलं, आता आभाळात लावून बघता का मामा?”

त्यांना ग्रहांचे फोटो काढायचा नाद होता. चंद्र नाही, तारे नाहीत, ग्रह. चंद्र कुणालाही येतो म्हणत. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाकडून घेतलेला जुना कॅमेरा ते दुर्बिणीला जिथं डोळा लावतात तिथं बसवत आणि त्याच्या आधी एक रंगीत चकती लावत. या चकत्या म्हणजे नाटकाच्या दिव्यांवर लावतात तो रंगीत जिलेटिन कागद, जुन्या चष्म्यांच्या गोल रिंगांत बसवलेला. लाल, पिवळी आणि निळी. ठेवायच्या मामींच्या बांगड्यांच्या खोक्यात. रोल साधा काळा-पांढराच, मग रंगीत चकती कशाला, असं मी शाळामास्तरणीच्या थाटात विचारलं. त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं, की मंगळाकडे लाल काचेतून बघितलं तर जमीन दिसते, तिच्यावरचे काळे पट्टे दिसतात. निळ्या काचेतून जमीन पुसली जाते आणि ढग दिसतात.

मंगळावर ढग असतात हे मला तेव्हा कळलं. इथं आषाढ तोंडावर आला तरी आभाळात ढगाचा मागमूस नव्हता, आणि आमचे शेजारी निळी चकती लावून मंगळावरचे ढग शोधत होते. मला आधी हसू आलं आणि नंतर थोडा रागही आला. पण त्या वर्षी आषाढात मंगळ पृथ्वीच्या जवळ येणार होता. एरवी आषाढात आभाळ झाकलेलं असतं, त्यामुळे असा मंगळ हाताशी येऊनही दिसत नाही. यंदा पाऊस नव्हता, म्हणून तो दिसणार होता. मामा हे सगळं जाणून होते, आणि म्हणूनच स्वच्छ आभाळाला वाईट म्हणत होते. त्यांना तो महिना हवाही होता आणि त्याची लाजही वाटत होती.

फोटो काढणं हे दोघांचं काम होतं. बटण दाबलं की कॅमेरा हादरतो, म्हणून आधी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण धरायचं, मग बटण दाबून कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवायचा, हादरा शांत झाला की झाकण बाजूला करून सेकंद मोजायचे आणि पुन्हा झाकायचं. हे झाकण म्हणजे मामींचं धान्य पाखडायचं सूप, कागदाच्या लगद्यानं लिंपलेलं आणि काळ्या शाईनं रंगवलेलं. मामा हुंकार देत, मामी सूप उचलत, पुटपुटत मोजत आणि पुन्हा ठेवत. लाल चकतीला दोन, निळीला पाच. आठ ते साडेनऊ हे चाले, कारण मामींना पहाटे टँकरची रांग धरायची असे आणि मामांना दहाला कार्यालय. अंगणातला दिवा बंद ठेवायचा, बाळ रडलं तरी पाय आपटत चालायचं नाही, एवढंच आमच्याकडून अपेक्षित असे.

एकदा सुमन दुर्बिणीकडे जायला कचरत होती. तिच्या पत्रिकेत मंगळ होता, कडक. दोन स्थळं त्याच पायी मोडली होती. मामींनी तिला हाताला धरून आणलं. मामा म्हणाले, आमच्यात पत्रिका नसते, त्यामुळे माझी-त्याची ओळख फक्त दुर्बिणीतली. सुमननं डोळा लावला आणि बराच वेळ हलली नाही. एवढासाच आहे, म्हणाली. मामा म्हणाले, “हाव, एवढासाच. अन् तू बघितलं का, तो तुझ्याकडं बघत सुदिक न्हाई.” सुमन हसली, आणि त्यानंतर रोज साडेआठला हजर राहायला लागली. तिचं लग्न पुढे वर्षभरानं झालं, त्यात मंगळाचा काही हात नव्हता, मुलगा पत्रिका न मागणारा निघाला एवढंच.

रोल धुण्याचं काम न्हाणीत होई. न्हाणीत न्हायला पाणी नव्हतंच, त्यामुळे तिची डार्करूम झाल्याबद्दल मामींची तक्रार नव्हती. शहरात स्टुडिओ होते, पण नांदेडला एका स्टुडिओवाल्यानं पारदर्शक पट्टीवर नुसता एक ठिपका बघून त्यांचा रोल कोरा म्हणून टाकून दिला होता, तेव्हापासून मामा आपला रोल परक्या हाती देत नसत. अडचण पाण्याची होती. रोल धुवायला पाणी गार लागतं आणि नितळ लागतं. टँकरचं पाणी दोन्ही नव्हतं.

ज्येष्ठात त्यांनी पहिला रोल तसाच टँकरच्या पाण्यात धुतला. वाळल्यावर कार्यालयातलं भिंग लावून बघितला आणि त्यांचे हातच थांबले. बाजरीच्या दाण्याएवढ्या मंगळावर बारीक, सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा होत्या. मंगळावर कालवे आहेत असं फार पूर्वी काही लोकांना वाटलं होतं, हे त्यांनी वाचलेलं होतं. ते खोटं ठरलं होतं, हेही वाचलेलं होतं. पण समोर रेघा होत्या, आणि रेघ दिसली की गिरवायची हा हाताचा धर्म. रविवारचा अख्खा दिवस घालवून त्यांनी त्या ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं उतरवल्या, वर झोकात ‘मंगळ’ असं लिहिलं आणि सोमवारी कार्यालयात नेल्या. तिथं एकच गर्दी झाली. कालव्यांच्या खात्यातून काही कामानं आलेल्या एका ओव्हरसियरनं उतार कसा दिला असेल आणि शेवटच्या गावाला पाणी पोचत असेल का, यावर जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मत दिलं.

संध्याकाळी मामींनी तो रोल दिव्यापुढे धरला. त्या चौथी शिकल्या होत्या, भिंगाची त्यांना गरज पडली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “कालवा मंगळ सोडून भाईर कसा चालला?”

खरंच, रेघा मंगळावर थांबत नव्हत्या. भोवतीच्या मोकळ्या आभाळातून थेट पट्टीच्या कडेपर्यंत गेल्या होत्या. टँकरमधल्या गाळाचे ओरखडे होते ते. मामांनी गिरवताना वर्तुळाच्या आतलं तेवढं गिरवलं होतं. त्यांनी भिंग लावून पट्टी पुन्हा कडेपर्यंत बघितली आणि मग इतके हसले की हाजीसाब बघायला आले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. ओव्हरसियर परत गेला होता. त्याच्यापुरते ते कालवे अजूनही असतील.

या फजितीतून तो माठ आला. मामांनी टँकरचं पाणी तुरटी फिरवून रात्रभर निवळत ठेवायला सुरुवात केली, मग चारपदरी धोतरातून, मग कापसातून, मग उकळून. घागरभर गढूळ पाण्यातून अर्धी घागर नितळ निघे. त्यासाठी मामींनी आपल्या वाटणीतली एक घागर कबूल केली होती, जास्त नाही. ते पाणी न्हाणीच्या दाराशी वेगळ्या माठात साठायचं, आणि माठाला कागद चिकटवलेला होता, नकाशात गावांची नावं घालतात तसल्या सुबक अक्षरात: ‘फोटोचे पाणी. पिऊ नये.’ आवारातली माणसं गढूळ पाणी पीत होती आणि फोटो धुवायचं पाणी काचेसारखं चमकत होतं. येणारा-जाणारा त्या कागदावर काहीबाही बोलून जाई. मामा ऐकून घेत.

माठ पहिल्यांदा भरला तेव्हा त्यांनी एक रोल धुतला आणि त्यातला निळ्या चकतीचा एक फोटो कागदावर मोठा करून आणला. मंगळ आठ आण्याच्या नाण्याएवढा झाला होता, करडा, धुरकट. त्याच्या एका कडेला पांढरी पुसट चंद्रकोर. ढग. मी आधी कितीही हसले असले, तरी तो फोटो मीही पुन्हा मागून बघितला. आम्ही सगळे अंगणात उभे राहून तो एकमेकांच्या हातात देत होतो. हाजीसाबांनी चष्मा पुसला, फोटो लांब धरला आणि विचारलं, “तिथं पडतो का पाऊस?”

“न्हाई,” मामा म्हणाले. “नुसताच ढग येतो.”

“मग आपल्यावानीच हाय की,” हाजीसाब म्हणाले आणि फोटो परत दिला.

पण तो फोटो मामांच्या दृष्टीनं नुसती तालीम होती. मंगळ सगळ्यात जवळ यायचा तो पंधरवडा पुढे होता. तो आला, आभाळ रोज ‘वाईट’ राहिलं आणि मामा-मामींनी सहा रोल काढले. हवा इतकी स्थिर पुन्हा मिळायची नाही, असं मामा म्हणत. एके दिवशी तर त्या पांढऱ्या कडेपासून सुटलेला वेगळा ढग त्यांना दुर्बिणीत डोळ्यांनी दिसला, आणि तो सहाव्या रोलवर नक्की आला आहे असं ते मला दोनदा सांगून गेले. एवढं लांबचं काही मी आजवर गिरवलं न्हाई, म्हणाले. नांदेडला असल्यापासून त्यांना हाच एक फोटो हवा होता. आता फक्त माठ भरायचा होता. काढलेला रोल लवकर धुवावा लागतो, उन्हाळ्यात पडून राहिला तर आतल्या आत काळवंडतो, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. माठ भरायला आणखी एक टँकर पुरे होता.

तो टँकर यायच्या आतच माझ्या मुलीला जुलाब सुरू झाले. आठ महिन्यांची पोर. एका दिवसात तिचे डोळे खोल गेले आणि तिनं रडायचं सोडलं. डॉक्टर म्हणाले, पाणी स्वच्छ हवं, उकळलेलं हवं, मीठ-साखर घालून चमच्या-चमच्यानं दिवसभर पाजत राहा, थांबलात तर मग माझ्या हातात नाही. मी घरी आले आणि आमच्या घागरीत डोकावले. तळाला बोटभर गाळ आणि वर चहासारखं पाणी. नवरा उदगीरला. सुमन नुसती रडत होती. मी तेच पाणी चुलीवर चढवलं.

मामा कार्यालयातून आले होते. त्यांना मामींनी सांगितलं असावं. ते माठ खांद्यावर घेऊनच माझ्या दारात आले. माठावरचा कागद फाडून काढला होता, चिकटवल्याची तेवढी खूण राहिली होती.

“बाई, हे घ्या,” ते म्हणाले. “यात औषध-बिऊषध काही न्हाई. रोल धुतलेलं पाणी न्हाई हे, धुवायचं पाणी हाय. उकळलेलंच हाय, पुन्हा एकदा उकळा.”

मी माठ घेतला. त्यांच्या रोलांचं काय, हे मी विचारलं नाही. ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. भिंतीपलीकडून मामींनी मात्र विचारलेलं मला ऐकू आलं, आणि मामांचं उत्तरही. “रोल थांबतेत,” ते म्हणाले.

पोरगी चौथ्या दिवशी रडली. तिच्या रडण्यानं आवारातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला, आणि अंगणातला दिवा बंद न ठेवायची मोकळीक मामांनी आपणहून दिली. पण ती पुन्हा दोनदा आजारी पडली, पुढे कित्येक महिने नाजूकच राहिली आणि तो माठ माझ्याकडेच राहिला. दर टँकरला मामा तुरटी, धोतर, कापूस हे सगळं करत आणि निघालेलं पाणी आमच्या माठात ओतून जात. मी ते परत करते म्हणाले नाही. खरं सांगायचं तर आधी सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा लाज वाटली म्हणून बोलले नाही. पोरीला पुन्हा काही झालं तर, ही भीतीही होतीच. आपलं लेकरू मध्ये असलं की माणूस किती सहज दुसऱ्याचं घेतो, हे मी तेव्हा स्वतःवरून शिकले.

सहा रोल एका पत्र्याच्या डब्यात होते आणि डबा मामींच्या ज्वारीच्या कणगीत, गारव्याला. फाल्गुनात ज्वारी संपली. मग तो डबा बाजेखाली आला. वैशाखात मामी त्याला ओलं फडकं गुंडाळताना मला दिसल्या. घोटभर पाण्यात भिजवलेलं फडकं. त्या मला बघून अवघडल्या, जणू चोरी त्यांची होती. म्हणाल्या, सवय लागली बाई, काही न्हाई.

पुढच्या पावसाळ्यात नळाला पाणी आलं. एका शनिवारी दुपारी मामांनी सहाही रोल धुवायला घेतले. न्हाणीचं दार बंद होतं आणि आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. एकेक पट्टी बाहेर येऊन कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमट्यानं लटकत गेली. पहिली राखाडी. दुसरी राखाडी. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी मामींच्या तोंडाकडे बघत होते. सहावी पट्टी मामांनी स्वतः उजेडाकडे धरली, भिंग लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली आणि तारेवर लावली. तीही राखाडीच होती. कुठं कुठं धुक्यात ठिपका आहेसा वाटे, तेवढंच.

माझी मुलगी तेव्हा चालायला लागली होती. ती तारेखाली जाऊन लोंबणाऱ्या पट्ट्या ओढू लागली. मी तिला मागे खेचलं आणि मला रडू फुटलं. मी मामांना म्हटलं, की मी तुमचा मंगळ घालवला.

मामांनी पोरीला उचललं आणि एक पट्टी तिच्या हातात दिली. “बाई, मंगळ दोन वर्षं दोन महिन्यांनी येतो,” ते म्हणाले. “कधी चुकला न्हाई. पोरगी गेली असती तर कोणत्या साली आली असती?”

एवढं बोलून ते घरात गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मामींनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. न्हाणीत दिवा न लावता तासभर बसून होते म्हणे. मी ते लिहून ठेवते आहे, कारण मामा म्हणजे कुणी साधुपुरुष होते असं वाचणाऱ्याला वाटू नये. त्यांना ते फोटो हवे होते. फार हवे होते.

पुढे त्यांची नांदेडला बदली झाली. ट्रकवर दुर्बीण चढवताना हाजीसाब म्हणाले, पाइप माझा आहे हे लक्षात असू द्या, आणि मग स्वतःच दोऱ्या आवळून बांधल्या. मामींनी पोरीला दोन झबली दिली. मामांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते ट्रकमध्ये पुढे बसले.

वर्षभरानं एक पोस्टकार्ड आलं. नकाशातल्या गावांसारख्या अक्षरात दोनच ओळी होत्या. ‘मंगळ आला. पोरगी कशी आहे?’ त्या वर्षी मंगळ आणखी जवळ आला होता म्हणे, पण पाऊस भरपूर होता आणि महिनाभर आभाळ झाकलेलं होतं. कार्डात त्याबद्दल अक्षर नव्हतं. मी उत्तर लिहिलं, पोरगी बरी आहे. त्यानंतर दर दोन वर्षं दोन महिन्यांनी कार्ड येत राहिलं, त्याच दोन ओळींचं. फोटो मिळाला का नाही, हे त्यांनी कधी लिहिलं नाही आणि मला विचारवलं नाही. पोरगी लिहायला शिकली तशी उत्तरं ती लिहू लागली. तीही एकाच ओळीची: ‘पोरगी बरी आहे.’ मामा तिला आठवत नव्हते. माझ्याकडून ऐकलेले तेवढेच.

एकदाच कार्ड अवेळी आलं. किल्लारीचा भूकंप झाला, लातूरही हादरलं, आणि आठवड्याच्या आत नांदेडहून कार्ड. ‘मंगळ यायचा आहे. तरी पोरगी कशी आहे?’ अक्षर तेच होतं, फक्त ओळी थोड्या तिरक्या गेल्या होत्या. मामांची रेघ तिरकी गेलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

मग ते निवृत्त होऊन इस्लापूरला गेले. कार्डं तिकडून येऊ लागली. पोरगी औरंगाबादला शिकायला गेली, तरी पत्ता माझाच असे आणि मी तिला फोनवर वाचून दाखवी. एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला तिचाच फोन आला. मंगळ आलाय, कार्ड आलं का? मी नाही म्हटलं. टपालाला उशीर होत असेल, म्हटलं. दिवाळी होऊन गेली. मार्गशीर्षात मामींच्या भाच्याचं पत्र आलं, की मामा भाद्रपदातच गेले, झोपेत, त्रास झाला नाही.

मी इस्लापूरला गेले. मामी थकल्या होत्या. मला बघून रडल्या, मग चहा ठेवला. बुद्धांच्या तसबिरीमागे हात घालून त्यांनी एक पोस्टकार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. औरंगाबादचा शिक्का होता, दिवाळीच्या आधीची तारीख होती. म्हणजे मामा गेल्याचं आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं तेव्हाचं. अक्षर माझ्या मुलीचं. दोनच ओळी.

‘मंगळ आला. पोरगी बरी आहे.’

मी तिला असं काही लिहायला सांगितलं नव्हतं.